धुरापलीकडचे दायित्व

ट्रक पासिंगला न्यायचा ठरला की आधी त्याला रंग दिला जातो. कळंबोलीच्या गॅरेजांत हे दृश्य बारमाही दिसते. फाळक्यांवर नवा रंग चढतो, क्रमांक नव्याने रेखले जातात, परावर्तक पट्ट्या चिकटवल्या जातात, फुटलेले दिवे बदलले जातात आणि कित्येक महिने निपचित पडलेला वायपर हलू लागतो. मालवाहू वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत त्याचे योग्यता प्रमाणपत्र दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी नवे करून घ्यावे लागते. त्यामुळे ठरावीक काळाने प्रत्येक ट्रकच्या आयुष्यात हा टवटवीतपणाचा एक दिवस येतो.

या तयारीत गैर काही नाही. दिवे, ब्रेक आणि पट्ट्या यांवर रात्रीच्या घाटात माणसांचे प्राण अवलंबून असतात. तपासणीची तारीख जवळ आली म्हणून का होईना, ही कामे होतात हे समाजाच्या हिताचेच आहे. मात्र एका जुन्या ट्रकच्या निमित्ताने या तपासणीच्या मर्यादेचा मला गंभीरपणे विचार करावा लागला. ज्या दोषाकडे निरीक्षकाची दृष्टी वळण्याचा संभवच नाही, त्या दोषाविषयी मालकाचे दायित्व कोणते, हा तो प्रश्न होता. प्रश्न यंत्राच्या एका भागापुरता दिसला तरी त्याची व्याप्ती बरीच मोठी आहे, असे मला वाटते.

पनवेलचा इतिहास हा मुख्यतः वाहतुकीचा इतिहास आहे. खाडीतून आलेला माल येथे उतरून घाटमाथ्याकडे जात असे, आणि या गावाला १८५२ इतक्या पूर्वीच नगरपालिका लाभली, तीही याच व्यापारी महत्त्वामुळे. पुढे खाडी गाळाने भरली, पण मार्ग वाढत गेले. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. मुंबईच्या दाटीतून बाहेर पडलेला लोखंड-पोलादाचा बाजार कळंबोलीत स्थिरावला. तळोज्याची औद्योगिक वसाहत वाढली. पुण्याकडे जाणारा द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून आणि गोव्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग पनवेलपासून निघतो. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली, ती रायगड जिल्ह्यातील पहिली. या सर्व वाढीचे ओझे ज्यांच्या चाकांवर फिरते त्या ट्रकांच्या व्यवसायात आमचे कुटुंब आहे. गाड्यांची प्रत्यक्ष व्यवस्था पुतण्या पाहतो आणि हिशेबाच्या वह्या माझ्याकडे असतात.

त्या वह्यांतूनच या प्रकरणाचा उलगडा झाला. पुतण्याने एक जुना ट्रक विकत घेतला होता. त्याची नोंदणी २०१८ची, म्हणजे बीएस-४ या उत्सर्जन मानकांच्या काळातली. कागदपत्रे चोख होती आणि पीयूसी, म्हणजे प्रदूषण नियंत्रणाच्या प्रमाणपत्राची मुदतही शिल्लक होती. महिन्याचा खर्च मांडताना मला एक रकाना रिकामा दिसला. या प्रकारच्या ट्रकना डिझेलबरोबर युरियाचे द्रावणही लागते, आणि त्याचा खप डिझेलच्या साधारण तीन ते पाच टक्के असतो. आमच्या इतर गाड्यांच्या खर्चात ही नोंद नियमित असे; या गाडीच्या खर्चात ती नव्हतीच. आमच्या चालकांना, ज्यांना सगळे मामा म्हणतात, मी विचारले. ते म्हणाले, "युरियाचा काटा हलतच नाही. टाकी कायम भरलेलीच दाखवते."

गाडी धावत असताना न भरताही भरलेली राहणारी टाकी चमत्काराने भरलेली राहत नाही. गाडी कार्यशाळेत नेऊन सायलेन्सर उघडला, तेव्हा आतील उत्प्रेरकाची जाळी कुणीतरी पूर्वीच काढून टाकून नळकांडे बाहेरून पूर्ववत जोडलेले आढळले. इंजिनाच्या नियंत्रक संगणकाला एक छोटी डबी जोडलेली होती. युरियाची यंत्रणा व्यवस्थित चालू आहे, असा खोटा संदेश त्या संगणकाला अखंड देत राहणे एवढेच तिचे काम होते. बाहेरून सर्व काही शाबूत आणि आतून पोकळ, अशा अवस्थेत त्या ट्रकने किती मजल मारली असेल, हे सांगणारे कोणी नव्हते.

ही जाळी करते काय, हे समजल्याशिवाय तिच्या अभावाचा अर्थ कळत नाही. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि सामान्य तापमानाला तो निरुपद्रवी असतो. इंजिनातील प्रचंड उष्णतेत मात्र त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. ती श्वसनमार्गाचा दाह करतात, दमेकऱ्यांचा विकार वाढवतात, उन्हात इतर वायूंशी संयोग पावून ओझोन निर्माण करतात आणि हवेत सूक्ष्म कणांचीही भर घालतात. उत्प्रेरकाच्या आधी युरियाचे द्रावण उष्ण धुरात फवारले जाते. त्यापासून अमोनिया तयार होतो आणि जाळीच्या पृष्ठभागावर अमोनियाची या ऑक्साइडांशी अभिक्रिया होऊन पुन्हा नायट्रोजन आणि पाणी उरते. हवेतून उसना घेतलेला वायू हवेला मूळ रूपात परत करण्याची ही व्यवस्था आहे. उत्प्रेरक या व्यवहारात स्वतः खर्ची पडत नाही.

यातील एक बारकावा मला कार्यशाळेतील ज्येष्ठ मिस्त्रींनी समजावून दिला, आणि माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रश्नाचे मर्म त्यातच आहे. डिझेल इंजिनात ज्वलन जितके तप्त आणि पूर्ण, तितकी काजळी कमी. पण त्याच उष्णतेमुळे नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र अधिक. पुढे उत्प्रेरक बसवलेला आहे या भरवशावर अशा इंजिनाची रचना मुद्दाम अधिक तप्त ज्वलनासाठी केलेली असते. त्यामुळे इंधनाची बचत होते आणि काळा धूर जवळजवळ दिसत नाही. परिणामी जाळी काढलेला ट्रक डोळ्यांना स्वच्छ भासतो, पण नायट्रोजनच्या ऑक्साइडांच्या बाबतीत तो त्याच्या आधीच्या पिढीतील धुरकट ट्रकपेक्षाही घातक ठरू शकतो. त्याचा निर्दोष दिसण्याचा गुण आणि त्याचा दोष एकाच उगमातून आलेले असतात.

आता तपासणी काय पाहते ते पाहू. डिझेल वाहनाच्या पीयूसी चाचणीत गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर झटकन पूर्ण दाबला जातो आणि नळीतून येणारा धूर प्रकाश किती अडवतो हे मोजले जाते. बीएस-४ वाहनांसाठी या प्रकाशशोषणाची मर्यादा प्रति मीटर १.६२ आहे, त्यापूर्वीच्या वाहनांसाठी ती २.४५ होती. ही चाचणी काजळीची आहे. नायट्रोजनची ऑक्साइडे या मापकाला जाणवत नाहीत. कारखान्यातून बाहेर पडताना मात्र इंजिनाला त्यांचे कठोर बंधन असते. अवजड वाहनांच्या इंजिनांसाठी बीएस-४ मध्ये ती मर्यादा प्रति किलोवॅट-तास ३.५ ग्रॅम होती आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मध्ये बदलत्या भाराच्या चाचणीत ती ०.४६ ग्रॅमवर आली. म्हणजे जन्माच्या वेळी ज्या गुणाची काटेकोर परीक्षा होते, त्या गुणाची पुढील आयुष्यात पीयूसी केंद्रावर कधीच चौकशी होत नाही. आमच्या ट्रकचे पीयूसी प्रमाणपत्र खोटे नव्हते. त्याला जो प्रश्न विचारला गेला होता, त्याचे त्याने बरोबर उत्तर दिले होते.

जे दिसते त्याचीच दखल घ्यायची, हा केवळ यंत्रांचा स्वभाव नाही. तो आपलाही आहे. तळोज्याची कासाडी नदी कारखान्यांच्या सांडपाण्याने दूषित होत असल्याची तक्रार परिसरातील मच्छीमार अनेक वर्षे करत होते. ऑगस्ट २०१७ मध्ये औद्योगिक वसाहतीत काही भटकी कुत्री निळ्या रंगाची दिसली, त्यांची छायाचित्रे देशोदेशी पोहोचली आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने रंगद्रव्याच्या एका कारखान्यावर तातडीने बंदीची कारवाई केली. पाणी आधीही दूषित होते. मासेमारी आधीही बुडत होती. तथापि त्या दुःखाला रंग नव्हता. रंग दिसताच व्यवस्था जागी झाली. नायट्रोजनच्या ऑक्साइडांना असे कोणतेही निळे कुत्रे लाभत नाही. महामार्गालगत राहणाऱ्या मुलाचा खोकला कोणत्या ट्रकच्या नळीतून आला, हे कधीच सिद्ध करता येणार नाही. कारण आणि परिणाम यांच्यात कित्येक किलोमीटरचे आणि कित्येक वर्षांचे अंतर पडते, आणि त्या अंतरात माणसाची जबाबदारी विरून जाते.

उत्प्रेरकाच्या इतिहासातही हा काळाचा पैलू आहे. मोटारीचा धूर उत्प्रेरकाने शुद्ध करण्याचा ध्यास घेणारा युजीन हूड्री हा फ्रान्समध्ये जन्मलेला अभियंता अमेरिकेत काम करत असे. त्याच्या उपकरणाचे पेटंट १९५० च्या दशकातले. त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसे मिसळलेले असे आणि शिशाचा थर बसताच उत्प्रेरक निकामी होई. म्हणून उपकरण तयार असूनही मोटारींत रुळू शकले नाही. १९६२ मध्ये हूड्रीचे निधन झाले. अमेरिकेतील मोटारींत उत्प्रेरक सर्रास बसू लागले ते १९७५ च्या मॉडेलांपासून, आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध करावे लागले. भारतात १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक बंधनकारक झाला, तेव्हाही शिसेविरहित पेट्रोल आधी आणावे लागले. त्यामागे एम. सी. मेहता यांच्या याचिकेवरील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांचा रेटा होता. पुढे २००० साली देशभरातील पेट्रोल शिसेमुक्त झाले.

या घटनाक्रमात एक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. शिसे मुलांच्या मेंदूला अपायकारक असते, ही माहिती शिसे काढण्यापूर्वीही होती. मुलांच्या हानीने जे लवकर साधले नाही, ते एका नाजूक जाळीच्या हानीने साधण्यास मोठा हातभार लावला. ती जाळी अशुद्ध इंधन सहन करू शकत नव्हती, म्हणून इंधन शुद्ध करावे लागले. माणूस सहनशील आहे. तो विष पचवत राहतो आणि म्हणून विष चालू राहते. सहनशीलतेचा आपण निरपवाद गौरव करतो, त्याचा या उदाहरणाच्या उजेडात फेरविचार व्हायला हवा.

आमच्या ट्रकचे काय करायचे, या प्रश्नावर आधी एका गॅरेजचालकाने मला मनापासून सल्ला दिला होता. "काका, पासिंगला हे कुणी बघत नाही. धूर येत नाही ना, मग झालं. उगाच एवढा खर्च कशाला अंगावर घेता?" या बोलण्यात लबाडी नव्हती. त्याच्यापुढे रोज येणारे ट्रकमालक गाडीच्या हप्त्याखाली, डिझेलच्या आणि टोलच्या खर्चाखाली दबलेले असतात. त्यांचा एक दिवस वाचवणे हाच त्याचा धर्म झालेला आहे. नवे उपकरण महाग असते. ते बसेपर्यंत गाडी उभी राहते आणि भाडे बुडते. शिवाय त्यानंतर युरियाचा खर्च कायमचा मागे लागतो. त्या खर्चाच्या मोबदल्यात मालकाला स्वतःसाठी काहीही मिळत नाही. गाडी अधिक ओढत नाही, अधिक धावत नाही, अधिक टिकत नाही. लाभ होतो तो संपूर्णपणे इतरांचा, आणि त्या इतरांना तो झाल्याचे कळतही नाही.

कार्यशाळेतील त्या ज्येष्ठ मिस्त्रींचा सल्ला निराळा होता. ते म्हणाले, "आधी इंजिन बरं करा. नाहीतर नवीन घातलेलंही वर्षात मरेल." त्यांनी तपासले तेव्हा इंजेक्टर झिजून गळत असल्याचे आणि ऑइल जळत असल्याचे आढळले. उत्प्रेरक क्वचितच आपल्या मरणाने मरतो. जळालेल्या ऑइलमधील फॉस्फरस आणि जस्त यांचा थर त्यावर बसतो, इंधनातील गंधक त्याला बाधते, अतिउष्णतेने त्याचा क्रियाशील पृष्ठभाग आक्रसतो. काही जण शेतीचा अनुदानित युरिया नळाच्या पाण्यात विरघळवून टाकीत ओततात; त्यातील अशुद्ध घटक आणि पाण्यातील क्षार जाळीवर साचून ती कायमची निकामी होते. प्रमाणित द्रावणात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि उरलेले क्षारमुक्त पाणी असते, ते याच कारणासाठी. शेतकऱ्याच्या नावे दिलेल्या अनुदानाचा अपहार आणि हवेचा ऱ्हास ही दोन पातके त्या एका घमेल्यात एकत्र कालवली जातात.

मिस्त्रींच्या सल्ल्याप्रमाणे इंजेक्टर बदलले, इंजिनाचे काम केले, खोटा संदेश देणारी डबी काढून टाकली आणि मग नवा उत्प्रेरक बसवला. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरबदल करण्यास मनाई करते आणि कलम १९० प्रदूषण मानकांच्या भंगाला दंडाची व कारावासाची तरतूद करते. हे खरे असले तरी आमचा निर्णय दंडाच्या भीतीने झाला, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. त्या दंडाची शक्यता किती क्षीण आहे हे आम्हाला कळून चुकले होते. पुतण्याने एकच प्रश्न विचारला: आपण ज्या रस्त्यावर राहतो त्याच रस्त्यावर ही गाडी धावणार ना? त्या प्रश्नानंतर चर्चा लांबली नाही.

काम पूर्ण झाल्यावर ट्रक पुन्हा पीयूसीला आणि त्यानंतर पासिंगला गेला. दोन्ही ठिकाणी तो उत्तीर्ण झाला. धुराचा आकडा आधीही मर्यादेच्या आत होता आणि नंतरही मर्यादेच्या आतच होता. निरीक्षकांनी दिवे, ब्रेक आणि पट्ट्या काळजीपूर्वक पाहिल्या, कागद तपासले आणि शिक्का दिला. त्यांच्या कामात मला उणीव दिसली नाही. ज्या एका बाबीवर आम्ही सर्वाधिक पैसा आणि वेळ वेचला होता, तिच्यासाठी त्यांच्या तक्त्यात जागाच नव्हती. पोकळ सायलेन्सर आणि भरीव सायलेन्सर यांना व्यवस्थेने एकाच दर्जाचे प्रमाणपत्र दिले. आमच्या हिशेबाच्या वहीत मात्र युरियाचा रकाना भरू लागला, आणि दोन्ही अवस्थांतील भेदाचा लेखी पुरावा म्हणाल तर तो एवढाच.

परीक्षेचे स्वरूप ओळखून तेवढ्यापुरते शुद्ध राहण्याची वृत्ती गरीब ट्रकमालकाचीच असते, असे समजण्याचे कारण नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन या जगप्रसिद्ध कंपनीचे कृत्य अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने उघड केले. चाचणी चालू आहे हे ओळखणारी आज्ञावली तिने डिझेल मोटारींत घातली होती. प्रयोगशाळेत मोटार नियम पाळी. रस्त्यावर नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या चाळीसपटीपर्यंत सोडी. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख वाहनांत ही आज्ञावली होती. हा प्रकार उजेडात येण्याची सुरुवात वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांच्या एका लहान गटाच्या कामातून झाली. त्यांनी मापनयंत्रे मोटारीत ठेवून ती प्रत्यक्ष रस्त्यावर चालवली. ज्ञान, भांडवल आणि प्रतिष्ठा या तिन्ही गोष्टी असलेल्यांनी जे केले, तेच कळंबोलीच्या एखाद्या गॅरेजात पाना-हातोडीने केले जाते. फरक साधनांचा आहे, प्रवृत्तीचा नाही. दोघांनीही परीक्षेला साध्य मानले आणि ज्यासाठी परीक्षा निर्माण झाली ते श्वास विसरले.

परीक्षा हे समाजाच्या अविश्वासाचे साधन आहे आणि तो अविश्वास आवश्यक आहे. प्रत्येकाच्या विवेकावर सर्व सोपवून मोठा समाज चालत नाही. परंतु कोणतीही परीक्षा जे स्वस्तात आणि थोडक्या वेळात मोजता येते तेवढेच मोजते. कर्तव्याचा आकार तिच्या मापापेक्षा नेहमीच मोठा असतो. शिक्षकाचे निकाल मोजता येतात, पण वर्गात मागे बसलेल्या मुलाकडे त्याने दिलेले लक्ष मोजता येत नाही. परिचारिकेच्या पाळ्या मोजता येतात, पण रात्री तीन वाजता तिने रुग्णाशी बोललेला शब्द कुठल्याच नोंदवहीत येत नाही. समाजाचे बरेचसे कल्याण अशा न मोजलेल्या कामावर उभे आहे, आणि ते काम बंद पडले तरी अहवालात काही काळ काहीच बदललेले दिसत नाही. यामुळेच त्याची हानी धोकादायक असते.

असे असले तरी या विचाराचा शेवट केवळ वैयक्तिक सदाचाराच्या उपदेशात करणे मला अप्रामाणिक वाटते. आपल्या देशातील ट्रकमालक बहुतांशी लहान आहेत. एक-दोन गाड्यांवर कुटुंब चालवणारे आहेत. शेजारचा मालक जाळी काढून युरियाचा खर्च वाचवतो आणि कमी भाड्यात माल उचलतो, तेव्हा नियम पाळणाऱ्याचा प्रामाणिकपणा बाजारात त्याच्या विरुद्ध जातो. आमच्याकडे इतर गाड्या होत्या, म्हणून एक गाडी उभी ठेवणे परवडले. ज्याची एकच गाडी आहे त्याला त्या निर्णयाचे मोल निराळे द्यावे लागले असते. प्रामाणिकपणा हा सुस्थितीतल्यांनाच परवडणारा गुण होऊ नये, हे पाहणे शासनाचे काम आहे. नैतिक भार सर्वांत दुर्बळ खांद्यावर ठेवायचा आणि मग तो वाकला म्हणून त्याला दोष द्यायचा, यात न्याय नाही.

व्यक्तीच्या प्रयत्नाला आणखीही एक सीमा आहे. ही अभिक्रिया घडण्यासाठी धूर पुरेसा तप्त असावा लागतो. साधारण दोनशे अंश सेल्सियसच्या खाली तो उत्प्रेरक फारसा उपयोगी पडत नाही. कळंबोलीच्या चौकात वाहने तासन्‌तास रांगेत कण्हत उभी असतात. तेव्हा इंजिने चालू असतात, पण धूर थंड असतो. अशा वेळी निर्दोष सायलेन्सर असलेला ट्रकही आपले काम पूर्णपणे करू शकत नाही. म्हणजे रस्त्याची आखणी, बंदरातील मालाच्या वेळा, वाहनतळांची सोय आणि चौकातील शिस्त हीसुद्धा हवेच्या शुद्धतेचीच अंगे आहेत. मालकाने उत्प्रेरक बसवावा आणि नियोजनकर्त्याने त्याला तापण्याइतका मोकळा रस्ता द्यावा, तेव्हा कुठे एक श्वास स्वच्छ होतो.

या उपेक्षेचे दुःख कोण सोसतो, याचे उत्तर त्याच चौकात मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगजनक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. हा धूर सर्वाधिक घेतात ते ट्रकचे चालक आणि क्लीनर, लोखंड उचलणारे माथाडी, टोलनाक्यावरचे कर्मचारी, वाहतूक पोलीस, रस्त्याकडेला चहा विकणारे. त्यांतील कोणीही उत्सर्जनाच्या मर्यादा ठरवत नाही आणि कोणाच्याही मताची त्यासाठी गरज पडत नाही. आमचे मामा आयुष्यभर या धुरात वावरले आहेत. त्यांना मी या उपकरणाचे कार्य समजावून सांगितले, तेव्हा ते काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं हे बसवता येत होतं." त्या वाक्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर ते ऐकणे अधिक सोपे गेले असते.

सुधारणेचा मार्ग अज्ञात नाही. बीएस-६ वाहनांत उत्सर्जन-यंत्रणेतील दोष नोंदवणारी व्यवस्था बंधनकारक आहे. १ एप्रिल २०२३ पासून नव्या वाहनांना मान्यता देताना प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाचीही अट आली आहे. तीच दृष्टी रस्त्यावर आधीपासून धावणाऱ्या वाहनांपर्यंत पोहोचली पाहिजे. पीयूसी केंद्रावर वाहनाच्या संगणकातील दोषनोंदी वाचणे, युरियाचा खप डिझेलशी ताडून पाहणे आणि पासिंगच्या वेळी सायलेन्सर मूळ स्वरूपात आहे का याची खातरजमा करणे, ही कामे अशक्य कोटीतील नाहीत. ज्याला उत्प्रेरक बदलणे परवडत नाही अशा लहान मालकाला त्यासाठी सुलभ कर्ज मिळाले, तर दंडापेक्षा त्याचा परिणाम अधिक टिकाऊ होईल. खोटा संदेश देणाऱ्या डब्या विकणाऱ्यांवर कारवाई झाली, तर मोहाचे मूळच तुटेल.

हे सर्व होईपर्यंत मधला काळ उरतोच, आणि त्या काळात निर्णय ज्याचा त्याला घ्यावा लागतो. माझी ट्रकमालकांना, वाहतूकदारांना आणि त्यांच्यामार्फत माल पाठवणाऱ्या कारखानदारांना नम्र विनंती आहे. आपल्या गाड्यांच्या खर्चात युरियाचा रकाना नियमित भरतो आहे का, एवढे एकदा स्वतः तपासून पाहावे. आणि जो वाहतूकदार तो खर्च प्रामाणिकपणे करतो, त्याच्या भाड्यात त्या खर्चाला जागा द्यावी. शिक्का गाडीला मिळतो. हवेचे उत्तरदायित्व मात्र मालकाकडेच राहते, आणि ते प्रमाणपत्राच्या मुदतीबरोबर संपत नाही.